जुन्या फोर्डला पुढचे ब्रेक: थिवीच्या मेस्ताच्या गॅरेजचा अनुभव

ज्यांच्याकडे १९३०च्या आधीची गाडी आहे आणि ती नुसती कापडाखाली झाकून न ठेवता रस्त्यावर काढायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांबलंय जरा, पण विषय ब्रेकचा आहे, दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

गाडी फोर्ड मॉडेल टी, १९२४ची टूरर (उघडी, कापडी टपाची), माझ्या सासऱ्यांच्या डिचोलीच्या घरची. काम होतं पुढच्या चाकांना ब्रेक डिझाइन करून बसवायचं. गॅरेज थिवीच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, बोर्ड वगैरे काही नाही, दोन लेथ, एक मिलिंग मशीन, पत्र्याची मोठी शेड आणि बाहेर फणसाचं झाड. सगळे मेस्ताचं गॅरेज म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आधी ज्यांना मॉडेल टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. या गाडीला खाली तीन पेडल असतात पण आपल्या सवयीचे नाहीत, डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं. ब्रेकचं पेडल दाबलं की चाकावर थेट काहीच होत नाही, गिअरबॉक्सच्या आत एक ड्रम आहे त्याच्याभोवती पट्टा आवळला जातो, म्हणजे ब्रेक लागतो तो शाफ्टला, तिथून तो जोर पिनियन-क्राउनमधून (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकं) मागच्या दोन चाकांपर्यंत पोचतो. शिवाय एक हँडब्रेक आहे, तो मागच्या ८ इंची ड्रममध्ये. पुढच्या चाकांना काहीच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या डिफरन्शियलमध्ये (जिथे ही दातेरी चाकं असतात) फोर्डने थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्राउनला बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या, घातलेत बॅबिट धातूचे, तो मऊ असतो, इतक्या वर्षांनी त्याचा चुरा होतो, क्राउन बाजूला सरकते, दात सुटतात आणि पेडल पायाखाली घट्ट असूनही गाडी मोकळी पळत राहते. ज्यांच्याकडे टी आहे आणि वॉशर अजून जुनेच आहेत त्यांनी बाकी सगळं सोडून आधी ते ब्रॉन्झचे करून घ्या, पुढच्या ब्रेकचं नंतर बघू. मेस्तांनीही मला पहिल्याच दिवशी हेच विचारलं, वॉशर बदललेत का? हो म्हटल्यावरच गाडी आत घ्यायला सांगितली.

आता गोव्यात ही गाडी चालवायची म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. समोर रेंटवरची स्कूटर, गूगल मॅप बघत चाललेला पर्यटक, मध्येच थांबतो. पर्वरीचा उतार, पणजीत आल्तिनोवरून खाली येणारे रस्ते, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रायबंदरची फेरीबोट, चोडणला जायची. फेरीच्या धक्क्यावर उतार थेट पाण्यात जातो, पुढे फळीवर चढून बोटीत थांबायचं, दोन्ही बाजूंना माणसं उभी. तिथे नुसत्या मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवून गाडी नेणं मला पटत नव्हतं.

मागच्या चाकांचा ब्रेक कमी का पडतो ते मेस्तांनी कागदावर करून दाखवलं, ते मला फार आवडलं, कारण आजवर कोणी दाखवलं नव्हतं, सगळे म्हणायचे लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) बदला, पट्टा बदला. टीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०० इंच. गाडी उंच आहे, म्हणून वजनाचा मध्य जमिनीपासून सव्वादोन फूट धरला, माणसं बसून वजन साडेनऊशे किलो. अर्ध्या जीने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ब्रेकचा जोर त्यात मोजतात) ब्रेक मारला तर सव्वाशे किलोपेक्षा जास्त भार मागच्या चाकांवरून उठून पुढच्यांवर जातो. म्हणजे जितका जोरात ब्रेक माराल तितकी मागची चाकं हलकी होतात, लवकर लॉक होतात आणि गाडी आडवी होते. कितीही भारी लायनर लावा, नुसत्या मागच्या चाकांवर कोरड्या डांबरावर ०.३ जीच्या पुढे जाता येत नाही. ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला एकवीस-एक मीटर. चारही चाकांना ब्रेक असेल आणि ०.६ जी मिळाला तर तेच साडेदहा मीटर. पाय पेडलवर पोचेपर्यंत जाणारं अंतर यात धरलेलं नाही.

हे सगळं कळायला जगालाही वेळ लागला हे खरं. १९१०च्या सुमारास स्कॉटलंडची अर्गाइल आणि इटलीची इसोटा फ्राशिनी यांनी पुढच्या चाकांना ब्रेक दिले होते, १९२१मध्ये डुसेनबर्गने चारही चाकांना हायड्रॉलिक दिले, पण फोर्डने टीला शेवटपर्यंत दिले नाहीत. चार चाकी ब्रेक आले ते मॉडेल ए बरोबर, १९२७च्या शेवटी, तेही रॉडचे, आणि फोर्डवर हायड्रॉलिक यायला १९३९ उजाडलं. लोकांना भीती वाटायची की पुढे ब्रेक मारला तर गाडी उलटेल किंवा स्टिअरिंग हातातून जाईल. स्टिअरिंगची भीती अगदीच खोटी नव्हती, पुढे लिहितो.

मी गेलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की ड्रम, शू (ड्रमला आतून घासणारे), सिलिंडर लावायचे आणि झालं. मेस्त म्हणाले, "पळोवया बाब, ब्रेक लावणं सोपं आहे, तो ब्रेक धरून ठेवणार कोण ते आधी सांगा." मग जॅकवर गाडी घेऊन पुढचा एक्सल दाखवला. टीला पुढे पाटा आडवा आहे, एकच, एक्सलच्या वर, दोन टोकांना शॅकल, म्हणजे झुलत्या कड्या. आडवा पाटा गाडीचं वजन उचलतो पण एक्सलला मागे-पुढे जाण्यापासून रोखत नाही. ते काम विशबोनचं, म्हणजे एक्सलच्या दोन टोकांपासून निघून मागे इंजिनखाली एका गोळ्यात जुळणारा व्हीच्या आकाराचा दांडा. तो गोळा बसतो क्रँककेसच्या तळाला, आणि टीचा क्रँककेस खालून म्हणजे दाबून बनवलेला पत्रा. ब्रेक नसताना हे सगळं ठीक आहे, खड्ड्याचे धक्के तेवढे सहन करायचे. पण पुढच्या चाकाला ब्रेक लागला की दोन गोष्टी होतात, चाक अख्ख्या एक्सलला मागे ढकलतं, आणि ड्रम बॅकप्लेटला (शू जिच्यावर बसतात ती मागची थाळी) धरून एक्सल आपल्याबरोबर फिरवायला बघतो, म्हणजे एक्सलची वरची बाजू पुढे झुकते आणि मागचा गोळा वर उचलला जातो. जोरात ब्रेक मारला तर त्या गोळ्यावर वरच्या दिशेने शंभर किलोच्या आसपास जोर येणार, वर मागे ढकलणारा वेगळा. आणि हे सगळं कोणावर, तर ज्यात इंजिनचं तेल असतं त्या पत्र्यावर!

शिवाय एक्सल असा झुकला की किंगपिनचा (चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं ती) कॅस्टर, म्हणजे मागे कललेला कोन, कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे चाकं सरळ राहायची ओढ कमी, ऐन ब्रेक मारताना पुढची चाकं फडफडायला लागतात. शंभर वर्षांपूर्वीची भीती इथून आली असणार असं मला वाटतं, आणि म्हणून ब्रेक आणि सस्पेन्शन वेगवेगळं करून चालत नाही. या गॅरेजचं मोठेपण मला इथेच वाटतं. सस्पेन्शन नीट होईपर्यंत ब्रेकच्या पार्टला हात लावणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि तसंच केलं.

विशबोनच्या गोळ्यासाठी त्यांनी चॅसीच्या दोन बाजूंमध्ये एक आडवा मेंबर, म्हणजे आधाराचा तुकडा, केला, चॅसीला एकही नवीन भोक न पाडता, आहेत त्या भोकांत बोल्ट आणि क्लँप वापरून. गोळा मात्र अगदी मूळ जागीच ठेवला, कारण जागा हलली तर एक्सल वर-खाली होताना वेगळ्या कमानीत फिरतो आणि प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. मी विचारलं की विशबोन मधून कापून दोन टोकं चॅसीला वेगवेगळी लावली तर, परदेशात हॉट रॉडवाले करतात तसं? त्यांनी नाही म्हटलं. मधला एकच गोळा असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी एक्सल तिरका होऊ शकतो, दोन ठिकाणी बांधला की तोच एक्सल पिळला जातो, आणि तो पीळ कुठेतरी तडा देऊनच बाहेर येतो.

पाटा सोडवला तेव्हा पानं एकमेकांना गंजून चिकटलेली होती, हा आपल्या खाऱ्या हवेचा प्रताप. म्हणजे इतके दिवस पाटा पाट्यासारखा वाकतच नव्हता, एक जाड पट्टी म्हणून काम करत होता. पानं वेगळी करून, गंज काढून, कमान परत देऊन, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून बांधला. शॅकलची ब्रॉन्झ बुशं नवीन, किंगपिनची बुशं नवीन, रीमरने मापात आणलेली, हाताने हलवून बघितलं तर किंचितही खडखड नाही. टीला मूळचे शॉकअप नसतातच, तर पुढे त्यांनी त्या काळच्या पद्धतीचे घर्षणाचे शॉकअप बनवून लावले, हार्टफर्ड टाइप, दोन दांड्यांमध्ये चकत्या दाबलेल्या आणि मधल्या नटाने कमी-जास्त घट्ट करायचे. दिसायला जुन्या गाडीला शोभतात. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊन परत उसळी मारायचं प्रमाण याने खूप कमी झालं.

आता एक प्रसंग सांगतो, त्यावरून काम कसं आहे ते कळेल. मूळचे स्टब एक्सल, म्हणजे ज्यावर पुढचं चाक फिरतं ते, त्यांना बॅकप्लेट लावायला जागाच नसते. मला वाटलं त्यालाच एक प्लेट वेल्ड करतील. मेस्तांनी दोन्ही स्टब रॉकेलने धुऊन कोरडे केले, त्यावर लाल पातळ द्रव फवारला, थोडा वेळ ठेवला, पुसून टाकला आणि मग वरून पांढरी पावडर मारली. एका स्टबवर काही नाही. दुसऱ्यावर, जिथे जाड भाग संपून बारीक दांडा सुरू होतो त्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, नखाएवढी, केसासारखी बारीक. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं, बोटालाही लागत नव्हतं. याच स्टबवर आम्ही गाडी चालवत होतो! मेस्त काही बोलले नाहीत, तो स्टब उचलून भंगाराच्या नाही, स्वतःच्या कपाटात ठेवला, म्हणाले कोणी वेल्ड करा म्हणून हट्ट धरला की हा दाखवायचा. जुन्या फोर्जिंगला वेल्डिंगची उष्णता दिली की वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच जातो, हे नंतर समजावलं.

मग दोन्ही स्टब नवीन केले, एन-२४ या मजबूत स्टीलच्या बारमधून, बॅकप्लेट बसायची कड (फ्लँज) त्यातच धरून, आणि तो कोपरा मुद्दाम गोल ठेवून, कारण धारदार कोपऱ्यात ताण गोळा होतो. लेथवर शेवटचा कट घेताना मी शेजारी उभा होतो, त्या गोलाईला ते नंतर कितीतरी वेळ बारीक पॉलिश पेपर मारत बसले होते.

ड्रम, शू आणि सिलिंडर जुन्या जीपचे, ९ इंची. हे का, तर पार्ट आजही मिळतात, म्हापशात नाही मिळाले तर बेळगावात मिळतात, आणि टीच्या चाकात मावतात. मला त्या काळचे रॉडचे ब्रेक हवे होते, दिसायला अस्सल म्हणून. त्यावर त्यांचं म्हणणं असं की पुढचं चाक वळतं, त्यामुळे रॉड किंवा केबल किंगपिनच्या रेषेतूनच न्यावी लागते, नाहीतर स्टिअरिंग फिरवलं की ब्रेक आपोआप लागतो किंवा सुटतो, पेरो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने यासाठीच सांध्यांचा शाफ्ट काढला होता, तोही बनवता येईल. पण डावं-उजवं सारखं ठेवायला सतत ॲडजस्टमेंट करावी लागेल. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही बाजूंना दाब आपोआप सारखा जातो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किंगपिनच्या रेषेच्या बाहेर असल्यामुळे एका बाजूला जरी ब्रेक कमी-जास्त लागला तरी स्टिअरिंग हिसका देतं, आणि टीचं स्टिअरिंग इतकं डायरेक्ट आहे की तो हिसका थेट मनगटात येतो. मला पटलं. पाइप एक्सलच्या मागून इतका बेमालूम नेलाय की वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

एक गोष्ट अजून, शू एक लीडिंग (चाकाच्या फिरण्याने ड्रममध्ये आणखी ओढला जाणारा), एक ट्रेलिंग (बाहेर ढकलला जाणारा) असेच ठेवले. दोन्ही लीडिंग केले असते तर पुढे जाताना ब्रेक जास्त जोरदार, पण गाडी मागे घरंगळताना खूपच कमजोर. फेरीच्या धक्क्यावरून वर चढताना मध्येच थांबावं लागतं, तिथे मागे जाताना धरणारा ब्रेकच हवा. हा विचार मी केला नव्हता, त्यांनी मला कुठे कुठे चालवता ते विचारून केला.

पेडल मूळचंच. त्याला फळीखालून एक लिव्हर जोडून मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा) चालवलाय, पाऊण इंची. पाव दाबलं की आधी पुढचे ब्रेक धरतात, अजून दाबलं की गिअरबॉक्सचा पट्टा आवळायला लागतो, म्हणजे पाइप फुटला तरी जुना ब्रेक शाबूत. पुढची चाकं लॉक होऊ नयेत म्हणून दाब मुद्दाम जरा कमीच ठेवलाय, कारण टायर ३० बाय साडेतीन, बारीक, आणि पहिल्या पावसात लाल मातीचा चिखल रस्त्यावर आला की हे टायर कशालाही घसरतात.

चाकं लाकडी आऱ्यांची आहेत आणि ड्रमचा जोर आता आऱ्यांवर येणार, म्हणून ड्रम हबच्या बोल्टमधून आऱ्यांना धरून बसवलाय, मागच्या चाकाला फोर्डने केलंय त्याच पद्धतीने. उन्हाळ्यात लाकूड सुकून आरे सैल होतात, तेव्हा बोल्ट तपासत राहायला सांगितलंय.

चालवायला कशी? आल्तिनोवरून उतरताना आधी मी लो गिअरचं पेडल दाबून इंजिनवर उतरवायचो आणि तरी हात हँडब्रेकवर असायचा. आता गाडी सरळ रेषेत थांबते, स्टिअरिंग हलत नाही, सासरे मागे बसले होते ते म्हणाले अरे ही तर थांबायला लागली. रिकाम्या रस्त्यावर ताशी ४०वरून मोजलं तर कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त अंतर लागलं पण आधीच्यापेक्षा खूपच कमी. फेरीवर तर आता निवांत जातो.

आता तक्रारी. पेडल जड आहे, माझ्या बायकोला नीट जोर लावता येत नाही, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) न लावता याला उपाय म्हणजे लिव्हरचा रेशो वाढवणं, त्याने पेडलचा प्रवास वाढेल, त्यावर मेस्तांचं आणि माझं अजून बोलणं चालू आहे. जीपचे ड्रम जड असल्यामुळे खराब रस्त्यावर पुढची बाजू आधीपेक्षा कडक लागते. वेळ सांगितल्यापेक्षा बराच जास्त लागला, आणि फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे ड्रॉइंग. सगळं डिझाइन त्यांच्या वहीत आणि डोक्यात आहे, मला मापांसकट कॉपी हवी होती, उद्या दुसऱ्या कोणाला काम करावं लागलं तर त्याला कळलं पाहिजे. चार वेळा मागितल्यावर स्टबचं ड्रॉइंग मिळालं, मेंबरचं अजून नाही. एवढं चांगलं काम कागदावर राहायला हवं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.

खर्च लाखाच्या वर गेला, स्टीलचं आणि लेथचं काम महाग आहे, पण बिलात प्रत्येक पार्ट वेगळा लिहिलेला होता आणि जुने पार्ट सगळे गोणीत भरून परत दिले.

परत देण्याचं महत्त्व यासाठी की २०२१पासून केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आलेत, ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए सिरीजची वेगळी नंबर प्लेट मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला चालत नाही. इथे केलेलं सगळं बोल्टने सुटणारं आहे, एका दिवसात गाडी मूळ रूपात आणता येईल. ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांनी कुठल्याही गॅरेजला आधी हीच अट घालावी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि आपल्याकडे तर विचारायलाच नको, त्यामुळे दरवर्षी पाऊस संपला की ते बदलून घ्या असं त्यांनी बजावलंय, सिलिंडर आतून गंजतात.

ज्यांना जायचं आहे त्यांनी गाडी न नेता आधी नुसते फोटो आणि पुढच्या एक्सलची मापं घेऊन जा, मेस्त ते बघून होय-नाही सांगतात, आणि नाही म्हटलं तर का तेही सांगतात. सकाळी दहाच्या आत गेलात तर बोलायला वेळ देतात. चवथीच्या आधी महिनाभर नवीन काम घेत नाहीत, तेव्हा एकतर दिवाळीनंतर जा नाहीतर आत्ताच जाऊन वहीत नाव लिहून या.